वीरचं हृदय चांगलं होतं

वीर गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी गुरुनाथ तेंडोलकर दारात उभा राहून येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होता, "हार्टचा प्रॉब्लेम होता. आम्हाला कुणालाच माहीत नव्हता." डिसेंबरचा शेवट होता. लोक पायरीवर बूट आपटून बर्फ झाडत, आत येऊन त्याला मिठी मारत आणि हातातला जेवणाचा ट्रे कुठे ठेवावा हे न कळून तसेच उभे राहत. मिनेसोटातल्या ईडन प्रेरी गावातली निम्मी मराठी घरं त्या दिवशी येऊन गेली.

शुभा, गुरुनाथची बायको, आत जेवणाच्या टेबलाशी बसली होती. ते वाक्य पहिल्यांदा कानावर आलं तेव्हा तिला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. दुसऱ्यांदा ऐकल्यावर ती उठली, गुरुनाथला दंडाला धरून कपडे धुवायच्या खोलीत घेऊन गेली आणि तिनं दार लावून घेतलं.

"काय सांगतोयस तू लोकांना?"

"आईला फोनवर तेच सांगितलंय," तो म्हणाला. "चौऱ्याऐंशी वर्षांची आहे ती. दुसरं काय सांगणार होतो? आता सगळीकडे एकच सांगायला हवं."

"कुणाला हवं?"

"अनयाला अजून इथल्या शाळेत जायचंय. लोक त्याला गर्दुल्ला म्हणतील, शुभा. एका गोळीवरून आपल्या मुलाला गर्दुल्ला म्हणतील."

शुभाच्या अंगात त्या दिवशी भांडायचं त्राण नव्हतं. ती बाहेर आली आणि गप्प बसली. पुढे तिला सगळ्या जगाचा राग आला, पण आपल्या त्या गप्प बसण्याचा जितका आला तितका कशाचाच आला नाही.

घडलं होतं ते असं. वीर एकोणीस वर्षांचा होता. मॅडिसनला कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होता आणि नाताळच्या सुट्टीत घरी आला होता. नोव्हेंबरात होस्टेलच्या पायऱ्यांवर बर्फावरून घसरून त्याची पाठ दुखावली होती. दुखणं जात नव्हतं, रात्रीची झोप लागत नव्हती. शुभानं पाठीला बाम चोळला, शेकायला गरम पाण्याची पिशवी दिली, डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतली. ती जानेवारीतली मिळाली. वीरनं मात्र कॉलेजमधल्या कुणाकडून तरी दुखण्यावरच्या म्हणून गोळ्या आणल्या होत्या. दिसायला अगदी औषधाच्या दुकानातल्यासारख्या. सकाळी शुभा त्याला उठवायला गेली तेव्हा तो उठला नाही.

अॅम्ब्युलन्सची माणसं आली, त्यांनी सगळे प्रयत्न केले. वीरच्या टेबलावर एक गोळी उरली होती. ती पाहून पोलिसानं टोपी काढली. म्हणाला, ही बनावट असणार. हल्ली यात फेंटॅनिल नावाचं अफूसारखं जहाल औषध घालतात, आणि जीव घ्यायला ते मिठाच्या चार कणांइतकंही पुरतं. तुमच्या मुलाला बहुधा माहीतही नसेल. शुभाच्या डोक्यात नंतर कितीतरी दिवस तेवढंच वाक्य फिरत राहिलं. माहीतही नसेल.

शुभा इचलकरंजीची. तिचे वडील यंत्रमागाच्या कारखान्यात मागांवर देखरेख करणारे जॉबर होते आणि घर कारखान्याला लागून होतं. मागांच्या खडखडाटात वाढलेली माणसं मोठ्यानं बोलतात. शुभाही बोले. सांगलीला इंजिनिअर झाली, पुण्यात नोकरी केली, लग्न करून मिनेसोटाला आली, तरी तिचा आवाज काही खाली उतरला नाही. हॉटेलात गुरुनाथ तिला हळूच म्हणे, "अगं, पलीकडच्या टेबलाला कळतंय." गुरुनाथ ठाण्याचा, मऊ बोलणारा, कुणाला दुखवायचं नाही अशा वळणाचा. शुभा एका इन्शुरन्स कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करी. चूक दिसली की ती सांगायची, यावरच तिचं पोट भरत होतं. आणि आता तिच्या घरात रोज एक चूक उजळ माथ्यानं वावरत होती आणि तिनं ती ऐकून घ्यायची होती.

पहिले काही दिवस लोक येतच राहिले. "काही लागलं तर सांगा," म्हणत. "स्ट्राँग राहायला हवं," म्हणत. मराठी मंडळाचा अध्यक्ष प्रसाद आणि त्याची बायको अस्मिता आली. अस्मितानं शुभाचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "देवालाही चांगलीच माणसं लागतात हो, शुभाताई."

"मग तुझी दोन्ही मुलं कशी राहिली?" शुभानं विचारलं.

अस्मिता रडत गाडीत जाऊन बसली. शॉक बसलाय त्यांना, असं लोक एकमेकांना सांगू लागले. शॉक नव्हता तो. शुभा सकाळी उठायची तीच संतापलेली. जानेवारीची अपॉइंटमेंट देणाऱ्या बाईचा राग. बामाच्या बाटलीचा राग. ज्या पोरानं गोळ्या विकल्या, जो कदाचित या क्षणी कुठेतरी पिझ्झा खात असेल, त्याचा राग. आणि वीरचा. मेलेल्या मुलावर रागवायचं नसतं असं तिला वाटे आणि राग तर थांबत नसे. ऑफिसला पोहोचल्यावर ती पार्किंगच्या टोकाला गाडी लावायची, काचा बंद आहेत ना हे बघायची आणि ओरडायची. मग तोंड पुसून कामाला जायची.

तिकडे ठाण्यात गुरुनाथच्या थापेनं स्वतःचा संसार थाटला होता. घराण्यातच हृदयाचं दुखणं आहे म्हणून त्याच्या धाकट्या भावानं आपल्या मुलाची, राजची, इको टेस्ट करून घेतली. आईनं नातवंडांसाठी जप सुरू केला. हे सगळं फोनच्या स्पीकरवर ऐकू येत होतं. गुरुनाथ "हं, हं" करत राहिला.

"आता आणखी काय काय करायला लावणार आहेस त्यांना?" फोन ठेवल्यावर शुभानं विचारलं. तो फोन चार्जरला लावायला उठला.

फेब्रुवारीत शवविच्छेदन करणाऱ्या मेडिकल एक्झामिनरच्या ऑफिसातून फोन आला. फेंटॅनिलच होतं. शुभानं विचारलं, "आणि हार्ट?" पलीकडच्या बाईला हा प्रश्न अपेक्षित नसावा. मग म्हणाली, हार्ट अगदी नॉर्मल होतं, त्यात काही दोष नव्हता. शुभानं हे गुरुनाथला जसंच्या तसं सांगितलं. तो "बरं" म्हणाला आणि नवं बर्फ पडलेलं नसतानाही फावडं घेऊन ड्राइव्हवे खरवडत बसला.

पाडव्याला मंडळाचा कार्यक्रम होता, एका शाळेच्या ऑडिटोरियममध्ये. शुभाला जायचं नव्हतं. गुरुनाथ म्हणाला, "प्रसाद वीरसाठी दोन शब्द बोलणार आहे. आपण नसलो तर बरं दिसणार नाही." म्हणून ती गेली. अनया, तिची सोळा वर्षांची मुलगी, आईबापांच्या मधल्या खुर्चीवर बसली.

पडद्यावर वीरचा फोटो आला. कुर्त्यातला, हसणारा. खाली लिहिलं होतं, हृदयविकारानं अकाली निधन. प्रसाद माइकवर म्हणाला की आपल्या लाडक्या वीरच्या स्मृतीसाठी मंडळ यंदा मुलांच्या हृदयाच्या तपासणीचा कॅम्प घेणार आहे, आणि याला गुरुनाथ तेंडोलकरांनी आनंदानं संमती दिली आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

शुभानं गुरुनाथकडे पाहिलं. तो समोर बघत होता. ती उभी राहिली.

"वीरचं हृदय चांगलं होतं," ती म्हणाली. तिला माइकची गरज नव्हती. शेवटच्या रांगेपर्यंत गेलं.

"शुभाताई, आपण हे नंतर..." प्रसाद म्हणाला.

"नंतर नाही. त्याला कॉलेजात कुणीतरी गोळी विकली. पाठदुखीची म्हणून. त्यात फेंटॅनिल होतं. त्यानं गेला तो. तुमचा कॅम्प घ्या, पण माझ्या मुलाच्या नावानं घेऊ नका. पोरांची हृदयं तपासून आणाल आणि घरी जाऊन निवांत झोपाल. त्यांच्या खिशात काय आहे ते कोण तपासणार? मी नाही तपासलं. माझ्या घरात होतं ते, पलीकडच्या खोलीत, आणि मी त्याच्या पाठीला बाम चोळत होते."

काही आया मुलांचे हात धरून बाहेर निघाल्या. साउंड सांभाळणाऱ्यानं घाबरून पुढच्या नाचाचं गाणं लावलं, आणि नऊवारी नेसलेल्या लहान लहान मुली विंगेतून अर्ध्या बाहेर येऊन थांबल्या. कुणाकडे बघावं ते त्यांना कळेना.

परतताना गाडीत गुरुनाथ म्हणाला, "सगळ्यांसमोर मला खोटं पाडलंस."

"तू खोटंच बोलत होतास."

"त्याच्या नावाचा तमाशा केलास, शुभा."

"तमाशा तुम्ही केलात. पडदा लावून केलात, टाळ्या वाजवून केलात."

"स्टॉप इट," मागून अनया म्हणाली. "प्लीज, बोथ ऑफ यू." आणि कानात इअरफोन घालून खिडकीकडे वळली. त्या दिवसापासून गुरुनाथ बेसमेंटमधल्या सोफ्यावर झोपू लागला.

मंडळाच्या ग्रुपवर पुरुषोत्तमकाकांनी लिहिलं की घरातल्या गोष्टी चव्हाट्यावर आणू नयेत, त्यानं समाजाची मान खाली जाते. पुरुषोत्तमकाका देवळाच्या कमिटीवरचे, वयानं सगळ्यांत मोठे. त्यांच्या मेसेजखाली चाळीसेक जोडलेले हात उमटले. शुभानं ग्रुप सोडला. फोन बंद झाले, ट्रे बंद झाले. दुकानात भाजी घेताना ओळखीच्या बायका तिला पाहून दुसऱ्या रांगेत वळू लागल्या.

एप्रिलमध्ये एका दुपारी शरयू आली. नागपूरची शरयू, मंडळाच्या नाटकांत कपडेपट सांभाळणारी. शुभाची तिच्याशी ओळख होती, मैत्री नव्हती. ती बूट न काढताच दाराच्या आतल्या पायपुसण्यावर उभी राहिली.

"सौमित्र कॅलिफोर्नियात नाहीये," ती म्हणाली. सौमित्र तिचा मुलगा, तेवीस वर्षांचा. "इंटर्नशिप वगैरे काही नाही. डुलुथला व्यसनाच्या ट्रीटमेंट सेंटरमध्ये आहे. तिसऱ्यांदा. गोळ्याच. मी कोणालाच सांगितलं नाही. माझ्या बहिणीला पण नाही."

शुभाच्या मनात पहिलं आलं ते असं, की हिचा जिवंत आहे. तीन वेळा जाऊनसुद्धा जिवंत आहे. माझ्या पोरानं एकदाच चूक केली.

"मग माझ्याकडे कशाला आलीस?" ती म्हणाली. "तुझा आहे ना अजून. जा ना त्याच्याकडे."

शरयू गेली नाही. "तू मोठ्यानं बोलतेस म्हणून आले," ती म्हणाली. "दोन वर्षं झाली, मी बाथरूममध्ये नळ सोडून फोनवर बोलून राहिली त्याच्याशी. नवरा म्हणतो, हळू बोल, शेजारी तेलुगू आहेत, त्यांना थोडं थोडं समजतं."

शुभाला हसू आलं, आणि हसू आलं याचाही राग आला. ती म्हणाली, "बूट काढ. चहा टाकते."

चहा निवून गेला. दोघी भांडल्याच जवळपास. शुभानं तिला विचारलं, पाडव्याला तू हॉलमध्ये होतीस, तेव्हा का नाही उठलीस? शरयू म्हणाली, मी उठले असते तर सौमित्रचंही बाहेर आलं असतं. मग तिनं पर्समधून एक छोटी पांढरी वस्तू काढून टेबलावर ठेवली. नाकात मारायचा स्प्रे. डुलुथच्या लोकांनी तिला दिला होता. असल्या गोळीनं श्वास बंद पडत असेल तर हा नाकपुडीत दाबायचा आणि अॅम्ब्युलन्स बोलवायची. वेळेवर दिला तर माणूस परत येतो.

"हा विकत मिळतो?" शुभानं विचारलं.

"मिळतो. काउंटीचे आरोग्यवाले तर फुकट देतात."

शुभा त्या स्प्रेकडे बघत राहिली. तिच्या घरात थर्मामीटर होता, बीपी मोजायचं यंत्र होतं, धूर झाला तर किंचाळणारी यंत्रं प्रत्येक खोलीत होती. हा नव्हता, कारण हा असतो हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आणि ज्यांना माहीत होतं ती माणसं नळ सोडून बोलत होती.

दुसऱ्या आठवड्यात दोघी देवळाच्या कमिटीकडे गेल्या. काउंटीच्या आरोग्य खात्यातली एक बाई येऊन हा स्प्रे कसा वापरायचा ते शिकवील, फक्त रविवारी खालचा हॉल द्या, एवढंच मागणं होतं.

पुरुषोत्तमकाकांनी शांतपणे ऐकून घेतलं. "शुभा, तुझं दुःख आम्ही समजू शकतो," ते म्हणाले. "पण देवळात हे नको. मुलांच्या डोक्यात नको ते यायचं."

"काका, मुलांच्या डोक्यात आहेच. तुमच्या डोक्यात नाही, म्हणून तर आलेय."

"हे बघ, सध्या लोक फार ढवळून निघालेत. वर्षभरानं विषय निवला की बघू."

"माझा मुलगा निवलाच आहे, काका," शुभा म्हणाली. "मी हात लावून पाहिलंय."

हॉल मिळाला नाही. बाहेर पार्किंगमध्ये शुभानं किल्ली शरयूच्या हातात दिली, आणि गाडी शरयूनं चालवली.

त्याच सुमारास ठाण्याहून भावाचा फोन आला. बोलता बोलता तो म्हणाला की आईच्या हट्टापायी राजचं पोहणं बंद केलंय. टेस्ट नॉर्मल आली, पण आई ऐकत नाही; वीरचंही काही कळलं नव्हतं ना, म्हणते. पोरगा दोन दिवस जेवला नाही. फोन ठेवल्यावर गुरुनाथ बराच वेळ स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून उभा होता. मग त्यानं आईला फोन लावला. शुभा तिथेच भाजी चिरत होती. तो तिला बाहेर जा म्हणाला नाही.

त्यानं सगळं सांगितलं. त्याच्या मऊ आवाजात, अडखळत, पण सगळं. मग म्हातारीचा आवाज आला, कापत, पण चढा.

"इतके महिने माझ्याशी खोटं बोललास? तुझे बाबा हार्टनं गेले. मला वाटलं, आपल्याच रक्तातून गेलं हे त्या पोरात. रोज देवापुढे बसून मी ह्यांना बोल लावत होते, रे. मेलेल्या माणसाला. मी म्हातारी झालेय, गुरू, मेलेली नाही. मला माझ्या नातवासाठी खरं रडू तरी द्यायचं होतंस."

आणि ती रडली. गुरुनाथही रडला, ओट्यावर डोकं ठेवून, वीर गेल्यापासून पहिल्यांदा. शुभानं सुरी खाली ठेवली. तिला त्याची दया आली नाही लगेच. तिला आठवत होता तो दाराशी उभा राहून मिठ्या घेणारा माणूस. पण ती त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि फोन बंद होईपर्यंत तिथेच राहिली. राज दुसऱ्या दिवसापासून पुन्हा पोहायला लागला.

शनिवारी सकाळी शुभा उठली तर गॅरेजचं दार उघडं होतं. गुरुनाथनं दोन्ही गाड्या रस्त्यावर काढल्या होत्या. स्नोब्लोअर, सायकली, वीरची हॉकीची बॅग, सगळं एका भिंतीला लावून तो फरशी धूत होता.

"स्प्रेचं शिकवणं इथेच घेऊ. किती लोक येतील?" त्यानं विचारलं.

"माहीत नाही. कदाचित कुणीच नाही."

"खुर्च्या मी शेजारच्या चर्चमधून मागून आणतो," तो म्हणाला. "त्यांना मी सांगितलं, कशासाठी हव्यात ते." आणि मग, पाइप बंद करून, "माझं चुकलं, शुभा."

"हो," ती म्हणाली. "चुकलं." आणि झाडू घेऊन पाणी लोटू लागली.

पुढच्या रविवारी खुर्च्यांपेक्षा माणसं कमी होती. पण आली. काहींनी गाड्या पलीकडच्या गल्लीत लावल्या होत्या, कुणी ओळखू नये म्हणून. शरयू आणि तिचा नवरा, त्यांच्या शेजारचं ते तेलुगू जोडपं, किराणा दुकानवाला गुजराती, दोन कॉलेजची मुलं. आणि अस्मिता. एकटीच. प्रसाद आला नव्हता.

शुभा तिच्यापाशी गेली. "त्या दिवशी मी तुला जे बोलले..."

"मला अजून राग आहे त्याचा," अस्मिता म्हणाली. "माझ्या मुलांवरून बोललात तुम्ही. पण माझी मोठी पुढच्या वर्षी कॉलेजला जाईल. म्हणून आलेय."

"बस मग," शुभा म्हणाली. तिला बरं वाटलं. कुणीतरी तिच्याशी सरळ बोललं होतं.

काउंटीच्या बाईनं एका रबरी पुतळ्यावर दाखवलं, मग एकेकाला करायला लावलं. डोकं मागे, नळी नाकपुडीत, दाबा. श्वास द्या. जवळून हलू नका. गुजराती काकांना पहिल्यांदा जमलं नाही. त्यांनी तीनदा करून पाहिलं. जाताना प्रत्येकानं दोन दोन स्प्रे नेले, आणि गुजराती काकांनी चार.

सगळे गेल्यावर घरची तिघं खुर्च्या मिटत होती. अनया मध्येच थांबली.

"आय सॉ देम, आई," ती म्हणाली. "गोळ्या. नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला तो आला होता तेव्हा. वीर म्हणाला, आईला सांगू नको, ती ओरडेल. मी नाही सांगितलं."

शुभाच्या हातातली खुर्ची खाली पडली. ती गॅरेजबाहेर गेली, ड्राइव्हवेच्या टोकापर्यंत, आणि तिथे टपालपेटीवर तिनं मूठ आपटली. एकदा, दोनदा. ओरडेल म्हणून. आपण ओरडू म्हणून मुलगा गेला. कुणाचा राग करायचा आता? मागे गुरुनाथ अनयाला जवळ घेऊन उभा होता, आणि मुलीचा चेहरा असा झाला होता, जणू आता आई परत येणारच नाही.

शुभा परत आली.

"मला राग आलाय," ती म्हणाली. "तुझा आलाय, खोटं नाही बोलत. त्याचा आलाय. माझाही आलाय. पण तू पंधरा-सोळा वर्षांची होतीस, आणि त्याला तू मारलं नाहीस. ऐकतेयस? आणि मी ओरडले तरी मला सांगायचं. मी ओरडेन आणि मग ऐकेन."

"यू ऑलवेज येल," अनया रडत म्हणाली.

"हो. तरी सांगायचं."

त्या संध्याकाळी ती तिघं गॅरेजमध्येच बसून जेवली. अनयानं वीरच्या इतक्या गोष्टी सांगितल्या, ज्या आईबापांना ठाऊकच नव्हत्या. गुरुनाथ एकदा मोठ्यानं हसला. बेसमेंटमधली उशी त्यानं केव्हा वर आणली हे कुणी बघितलं नाही.

सौमित्र जूनमध्ये घरी आला आणि सप्टेंबरमध्ये पुन्हा घसरला. शरयूला तो बाथरूमच्या दारात सापडला, ओठ निळे पडलेले. स्प्रे स्वयंपाकघरात ड्रॉवरमध्ये होता. तिनं दिला, श्वास दिला, पुन्हा दिला. अॅम्ब्युलन्स येईपर्यंत तो खोकायला लागला होता.

शुभा हॉस्पिटलात पोहोचली तेव्हा शरयू कॉरिडॉरमध्ये अनवाणी उभी होती. दोघी एकमेकींना धरून राहिल्या. शुभाला खरोखर आनंद झाला होता, आणि त्याच वेळी संतापही आला होता. हा उठला. माझा नाही उठला. ती एकटीच सौमित्रच्या खोलीत गेली. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता, हाडकुळा, लाज वाटून आक्रसलेला.

"मला तुझा राग येतो," ती पलंगाशी उभी राहून म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज हळू होता. "तू उठतोस, म्हणून येतो. तुला सांगायलाच हवं होतं."

"मला पण येतो, काकू," तो म्हणाला. "रोज. वीर माझ्यापेक्षा चांगला होता."

"चांगला-वाईट काही नसतं त्यात. त्याच्याजवळ कुणी स्प्रे घेऊन उभं नव्हतं, एवढंच." तिनं खुर्ची ओढली. "आई घरी चपला आणायला गेलीय. ती येईपर्यंत मी बसते. बोलायचं नसलं तर नको बोलूस."

भिंतीकडची कूस बदलून तो तिच्या बाजूला वळला.

आज या सगळ्याला दुसरा हिवाळा लागलाय. देवळानं हॉल अजून दिलेला नाही. मंडळाच्या वतीनं प्रसादनंच कमिटीपुढे विषय मांडला आणि मतदानात हरला. शुभाच्या घरी येऊन त्यानं हे सांगितलं तेव्हा तिनं कमिटीला आणि त्यालाही दोन-चार शिव्या हासडल्या, आणि मग त्याला जेवायला थांबवून घेतलं. सौमित्र सध्या ठीक आहे. सध्या, असंच शरयू म्हणते, त्यापुढे ती बोलत नाही. गोळ्या विकणारा पोरगा सापडलेला नाही, आणि त्याचा विषय निघाला की शुभाचा आवाज अजून चढतो. राग गेलेला नाही. जावा असं तिला वाटतही नाही. फक्त आता ती गाडीत बसून एकटी ओरडत नाही.

थंडीत गॅरेजमध्ये बसता येत नाही म्हणून रविवारी दुपारी ते सगळे लायब्ररीच्या मागच्या खोलीत भेटतात. मराठी, तेलुगू, गुजराती, आणि आता एक सोमाली बाईसुद्धा येते. कुणी बोलतं, कुणी नुसतं बसतं. गेल्या रविवारी बोलणं सुरू झालं होतं तेव्हा दारात एक अनोळखी जोडपं आलं. नवरा आत यावं की नाही या विचारात, बायकोचा हात त्याच्या कोटाच्या बाहीला घट्ट. शुभानं त्यांच्याकडे पाहिलं.

"आत या," ती म्हणाली. "इकडे जागा आहे. आणि दार लावून घ्या, वारा येतोय."